दिवे घाटातला दिवा: पी ००८७ चा माग टाकीच्या तळापर्यंत

गाडी २०१३ ची. दीड लिटरचं कॉमन रेल डिझेल इंजिन (रेल म्हणजे पंपाने दाबलेलं डिझेल चारही इंजेक्टरना पुरवणारी सामाईक नळी), बीएस ४ प्रदूषण मानकाचं, मीटरवर १ लाख ४२ हजार किलोमीटर. मालक पुण्यातल्या हडपसरचे, निवृत्त. आठवड्यातून एक-दोनदा सासवडला जाणं-येणं. तक्रार एका ओळीची: इंजिनचा पिवळा दिवा लागतो, गाडी ओढत नाही, बंद करून पुन्हा चालू केली की चालते. दिवा दोन-चार दिवसांनी आपोआप विझतो आणि काही आठवड्यांनी परत लागतो. अकरा महिन्यांत सात वेळा.

आपोआप विझण्यात चमत्कार काही नाही. सलग तीन फेऱ्यांमध्ये ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, तोच दोष दिसला नाही, तर तो दिवा बंद करतो. दोषाचा कोड मात्र पुढे बरेच दिवस आत राहतो. दिवा विझला म्हणजे दोष गेला असं धरून चाललं, की अशी प्रकरणं वर्षभर रेंगाळतात.

या सात वेळांत काय काय झालं होतं? डिझेल फिल्टर दोनदा बदललेला. रेल प्रेशर सेन्सर एकदा. इंजेक्टर क्लीनरच्या चार बाटल्या टाकीत ओतलेल्या, त्यांचा उपयोग शून्य. कोड पाच वेळा उडवलेला. आणि शेवटी हातात पडलेला अंदाज: हाय प्रेशर पंप खोलून दुरुस्ती, ३८ हजार रुपये. गाडी तपासायला आली ती या आकड्यामुळे.

कोड प्रत्येक वेळी एकच, पी ००८७. अर्थ एवढाच की रेलमध्ये जेवढं प्रेशर मागितलं तेवढं मिळालं नाही. का मिळालं नाही, ते कोड सांगत नाही. टाकीपासून इंजेक्टरच्या टोकापर्यंत कुठेही डिझेल कमी पडलं, निसटलं किंवा त्यात हवा शिरली, तरी शेवटी बोंब रेलवरचा सेन्सरच मारतो. म्हणून आधी सेन्सर बदलला जातो. घराच्या नळाला पाणी नाही म्हणून तोटी बदलण्यातला हा प्रकार.

पहिलं काम कोड न उडवण्याचं. स्कॅनर लावला की बोट सवयीने 'इरेज'वर जातं, आणि कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. दोष नोंदला गेला त्या क्षणाची स्थिती त्या नोंदीत साठवलेली असते. सुदैवाने सातव्या वेळची नोंद शाबूत होती: २,७४० आरपीएम, वेग ताशी ५२ किलोमीटर, इंजिन लोड ९१ टक्के, कूलंट ८९ अंश, इंजिन सुरू होऊन २६ मिनिटं झालेली. म्हणजे तिसरा गिअर, पाय जवळजवळ पूर्ण दाबलेला, इंजिन व्यवस्थित तापलेलं. हडपसरहून निघून फुरसुंगी, वडकी करत दिवे घाट चढताना २६ मिनिटं होतात. मालकांना विचारल्यावर तेच निघालं. सातपैकी सहा वेळा दिवा घाटात लागला होता, तोही चढणीच्या सुरुवातीला नाही, निम्मी चढण संपल्यावर. उरलेली एक वेळ सिंहगडाच्या रस्त्यावर.

दुसरा प्रश्न स्कॅनर विचारत नाही. "काका, तेव्हा टाकीत डिझेल किती होतं?"

उत्तर मालकांच्या डोक्यात नव्हतं, पण डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत होतं. दर वेळी टाकी फुल्ल करायची आणि किलोमीटर, लिटर, मायलेज लिहायचं ही त्यांची जुनी शिस्त. सातही वेळा दिवा लागल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डिझेल भरलेलं, आणि आकडे असे: ३९, ४१, ३८, ४०, ३९, ४१, ३८. एरवी ते अर्ध्यावर आली की भरतात, म्हणजे २० ते २६ लिटर. टाकी ५० लिटरची. याचा अर्थ दिवा लागताना टाकीत जेमतेम ९ ते १२ लिटर डिझेल होतं. एकदाही अर्धी टाकी असताना दिवा लागलेला नाही, आणि त्याच काळात अर्ध्या टाकीवर घाट तीसहून जास्त वेळा चढून झालेला.

आधीच्या दुरुस्त्या 'लागू पडल्या'सारख्या का वाटल्या, तेही या वहीनेच उलगडलं. दिवा लागला की गाडी गॅरेजला, आणि तिथून परतताना टाकी फुल्ल. फिल्टर बदलल्यावर तीन आठवडे दिवा आला नाही, याचं श्रेय नव्या फिल्टरपेक्षा भरलेल्या टाकीला जातं.

तरीही थेट टाकी उघडायला घेतली नाही. वही संशय देते, पुरावा नाही. आणि पंप किंवा इंजेक्टरही खराब असतील तर टाकी साफ करून हात पोळतात.

आधी वीज आणि सेन्सर. गाडी रात्रभर उभी असताना, किल्ली ऑन आणि इंजिन बंद अशा स्थितीत रेल प्रेशर शून्याजवळ दिसायला हवं. तसं दिसलं. सेन्सरच्या सिग्नल वायरवर ०.५ व्होल्ट, रेफरन्स ५ व्होल्ट, अर्थिंग ठीक. कनेक्टर हलवून, वायरिंग वाकवून पाहिलं, आकडा हलला नाही. सेन्सर निर्दोष. जुना सेन्सरही बहुधा निर्दोषच होता. मग आयडलला मागणी २४० बार, मिळत होतं २३५ ते २४६. जागेवर रेस दिली तर प्रत्यक्ष आकडा मागणीच्या पाठोपाठ चढत होता. या चाचणीवर विसंबून गाडी 'ओके' म्हणून परत देण्याची चूक मागे दोनदा झाली होती. जागेवर रेस देताना इंजिनला लोड नसतो, डिझेल जळतं थोडं. खरी परीक्षा चढणीवर.

इंजेक्टरचा रिटर्न, म्हणजे न जळता टाकीकडे परत जाणारं डिझेल, मोजला. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून चार मापाच्या बाटल्यांत सोडल्या, इंजिन गरम करून पाच मिनिटं आयडल. १४, १६, १५ आणि १८ मिलिलिटर. एखादी बाटली बाकीच्यांच्या दुपटीने भरली तर तो इंजेक्टर आतून गळतो आणि रेलचं प्रेशर खातो. इथे तसं काही नव्हतं. १ लाख ४२ हजारांवर हे आकडे छानच म्हणायचे.

शेवटचा बसवलेला फिल्टर कापून उघडला. आतला कागद पंख्यासारखा पसरून उन्हात तिरका धरला आणि वरून चुंबक फिरवलं. ही तपासणी बहुतेक ठिकाणी वगळली जाते आणि ती वगळू नये. या पंपाचं वंगण डिझेलच. पंप कोरडा चालला की आत धातू घासतो, चंदेरी कीस सुटतो, रेल आणि इंजेक्टरपर्यंत जातो आणि रिटर्नमधून टाकीत फिरून फिल्टरमध्ये अडकतो. तो दिसला असता तर प्रकरण ३८ हजारांच्याही पुढे गेलं असतं. कागदावर चकाकी नव्हती. फक्त खालच्या घड्यांत काळपट, बुळबुळीत लेप आणि तळाशी चमचाभर पाणी.

आता घाट. पहिली फेरी अर्ध्या टाकीवर. लॅपटॉपवर मागितलेलं प्रेशर, मिळालेलं प्रेशर आणि मीटरिंग व्हॉल्व्हची (पंपात किती डिझेल सोडायचं ते ठरवणाऱ्या झडपेची) स्थिती, तिन्हींचा लॉग. वडकी सोडल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून वरपर्यंत. मागणी १,३१० बार, मिळालं १,२८० ते १,३००. शेवटपर्यंत फरक तेवढाच. पंप जीर्ण असता तर इथेच उघडा पडला असता; पूर्ण लोडला १,३०० बार चार-पाच मिनिटं टिकवणारा पंप दुरुस्तीला काढण्याचं काहीच कारण नाही. ३८ हजार इथेच वाचले.

दुसरी फेरी टाकीतलं डिझेल काढून, १० लिटर ठेवून. त्याआधी दोन गोष्टी बसवल्या. टाकीकडून फिल्टरला येणाऱ्या नळीत, लाइन डिझेलने भरण्यासाठी हाताने दाबायचा जो फुगा असतो त्याच्यानंतर, ३० सेंटिमीटर पारदर्शक, डिझेलला चालणारी ८ मिमीची नळी. त्याच्याच पुढे टी जोडून व्हॅक्यूम गेज. त्याची नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून गेज काचेवर बाहेरच्या बाजूने, वायपरच्या पात्याखाली चिकटवलेलं. केबिनमध्ये डिझेलची नळी आणू नये, कितीही सोयीची वाटली तरी.

या गाडीत टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही. इंजिनवरचा पंप स्वतःच डिझेल ओढतो, म्हणून टाकी ते पंप ही सगळी लाइन व्हॅक्यूमखाली असते. अशा लाइनला भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. 'कुठे ओलं दिसत नाही, म्हणजे लीक नाही' हा निष्कर्ष इथे चुकतो.

आयडलला गेज उणे ०.०६ बार. चढण सुरू झाल्यावर उणे ०.१४ वर स्थिर. एक मिनिट, दोन मिनिटं, काही नाही. २ मिनिटं ५० सेकंदांनी काटा थरथरला. आणि मग वळला तो शून्याच्या दिशेने: उणे ०.१०, ०.०६, मध्येच झटका. त्याच क्षणी लॉगमध्ये मागणी १,३२० आणि मिळालेलं १,२४०, मग १,१२०, मग ९६०. मीटरिंग व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, म्हणजे ईसीयू 'सगळं दे' म्हणत होता आणि पंपाकडे द्यायला डिझेलच नव्हतं. दिवा लागला, पिकअप मेला. गाडी रुंद जागी कडेला घेऊन इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडलं. पारदर्शक नळीतून साबूदाण्याएवढे बुडबुडे एकापाठोपाठ एक जात होते. ते हळूहळू विरळ झाले आणि साधारण मिनिटाभराने नळी स्वच्छ.

या सगळ्या प्रकरणाचा निकाल काट्याच्या दिशेने दिला. टाकीतली जाळी किंवा नळी चोंदली असती तर पंप जोराने ओढत राहिला असता आणि व्हॅक्यूम वाढला असता, उणे ०.३०, ०.४० पर्यंत काटा गेला असता. इथे व्हॅक्यूम कमी झाला. म्हणजे ओढण्याच्या तोंडाशी डिझेल नव्हतं, हवा होती. बुडबुडे फिल्टरच्या अलीकडे दिसले, म्हणून फिल्टरचं झाकण, त्याची ओ-रिंग, पाण्याचा स्क्रू हे सगळे संशयातून सुटले. राहिली टाकी ते फुगा ही लाइन आणि टाकी. लाइनला भेग असती तर अर्ध्या टाकीवरही हवा शिरली असती, कारण तेव्हाही ती व्हॅक्यूमखालीच होती. उरली फक्त टाकी.

ही फेरी दोनपेक्षा जास्त वेळा करू नये. प्रेशर पडताना दिसलं की लगेच पाय काढायचा. हवा ओढणारा पंप स्वतःला खातो.

दहा लिटर डिझेल टाकीत असताना पंपाला हवा कशी मिळते? उत्तर फ्लोटच्या डब्यात आहे. मागच्या सीटखालून टाकीत उतरणाऱ्या, डिझेलची पातळी मोजणाऱ्या फ्लोट युनिटला तळाशी एक प्लॅस्टिकचा डबा असतो. या गाडीत साधारण अर्ध्या लिटरचा. ओढण्याची नळी त्या डब्यातून डिझेल घेते आणि इंजिनकडून परत येणारं डिझेलही त्यातच पडतं. वळणावर, चढावर टाकीतलं डिझेल एका बाजूला गेलं तरी नळीचं तोंड बुडलेलं राहावं, यासाठी ही योजना. टाकीतली पातळी डब्याच्या काठाच्या वर असेल तेव्हा डबा वरून भरत राहतो. पातळी काठाखाली गेली की भरण्याचा मार्ग एकच: तळातली बारीक जाळी आणि तिच्यावरची रबरी झडप.

ती वाट बंद असेल तर काय होईल, याचा हिशोब वहीवरसुद्धा जमतो. पूर्ण लोडला हे इंजिन मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर डिझेल जाळतं. बाकीचं ओढलेलं रिटर्नने डब्यात परत येतं, म्हणून डबा रिकामा होण्याचा वेग जळणाऱ्या डिझेलएवढाच. तळातून मिनिटाला ३० मिलिलिटर झिरपत असेल, तर ५०० मिलिलिटरचा डबा तीन मिनिटांच्या आत रिता. शहरात ही वेळ येतच नाही. फातिमानगरच्या सिग्नलपर्यंत सलग तीन मिनिटं कोण पाय दाबून धरणार? आयडलला इंजिन मिनिटाला जेमतेम दहा-पंधरा मिलिलिटर घेतं, तेवढं झिरपतं. गाडी कडेला घेऊन चहा होईपर्यंत डबा पुन्हा बराचसा भरतो आणि 'बंद करून चालू केली की ठीक' ही दंतकथा तयार होते.

उघडण्याआधी: टाकीत डिझेल कमीत कमी, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, दारं उघडी, आसपास आग-विडी नाही. सीट उचलल्यावर पत्र्याच्या झाकणाखाली दहा वर्षांची धूळ असते. ती ब्रशने आणि व्हॅक्यूम क्लीनरने आधी काढायची, नाहीतर सगळी टाकीत पडते. लॉक रिंग पितळी छिन्नीने हळूहळू ठोकत सैल केली. स्टीलची छिन्नी ठिणगी टाकते. कनेक्टर आणि दोन नळ्या काढताना कोणती ओढणारी, कोणती रिटर्न, ते टेप लावून लिहिलं. अदलाबदल झाली तर नवीनच प्रकरण सुरू होईल.

युनिट वर आलं तेव्हा डब्याचा तळ दिसतच नव्हता. जाळीवर डांबरासारखा, पण मऊ लेप. नखाने खरवडला तर साय निघावी तसा पापुद्रा सुटला. झडप त्या लेपाने जागेवर चिकटलेली. साफ करण्याआधी युनिट तसंच बादलीत, ५ सेंटिमीटर डिझेलमध्ये उभं केलं आणि घड्याळ लावलं: पंधरा मिनिटांनीही आतली पातळी बाहेरच्याएवढी झाली नाही.

टाकीतलं उरलेलं डिझेल हातपंपाने काढून पारदर्शक कॅनमध्ये रात्रभर ठेवलं. सकाळी तीन थर: वर स्वच्छ डिझेल, मध्ये काळी रेघ, तळाला पेलाभर पाणी. काळी रेघ म्हणजे पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर वाढणारे जंतू आणि बुरशी. पाणी नसेल तर ते वाढत नाहीत. पाणी असेल आणि गाडी काही महिने उभी राहिली तर झपाट्याने वाढतात. हा त्रास सुरू होण्याआधी गाडी सात महिने पार्किंगमध्ये उभी होती, दोन पावसाळी महिने धरून.

साफसफाईत विशेष काही नाही. टाकीचा तळ धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसला, २ लिटर स्वच्छ डिझेलने दोनदा खळबळून काढलं. जाळी मऊ ब्रशने. झडपेवर कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, ती उलटते किंवा फाटते. पेट्रोल किंवा थिनरही नाही, रबर फुगतं. झडप मोकळी झाल्यावर पुन्हा बादलीत तीच चाचणी: ३५ सेकंदांत पातळी सारखी. झडप कडक होऊन मुडपली असती तर पूर्ण युनिट बदलावं लागलं असतं, ती सुटी मिळत नाही. लॉक रिंगखालचं सील मात्र नवीन. नाना पेठेत मिळालं. फिल्टर पुन्हा नवा, कारण जुन्यात लेप पोचलेला होताच. फुगा कडक होईपर्यंत ३५-४० वेळा दाबला, मग स्टार्टर. एका वेळी दहा सेकंदांहून जास्त नाही, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती.

सगळं मिळून ४,३०० रुपये, त्यात फिल्टर आणि मजुरी आली.

मग पुन्हा दिवे घाट, मुद्दाम ९ लिटरवर. तीन फेऱ्या, तोच गिअर, तोच पाय. गेज वरपर्यंत उणे ०.१३ वर, काटा गोठल्यासारखा. मागणी आणि मिळालेलं यांतला सर्वांत मोठा फरक ३५ बार. पारदर्शक नळी एक आठवडा तशीच ठेवली, मग काढून मूळ नळी बसवली. महिन्याभराने स्कॅनरवर साठलेले आणि पेंडिंग (अजून पक्के न झालेले), दोन्ही प्रकारचे कोड पाहिले, यादी रिकामी.

हाच कोड दुसऱ्या गाडीत दुसरीकडे नेईल. व्हॅक्यूम वाढत जाऊन प्रेशर पडलं तर जाळी, चेपलेली नळी किंवा फिल्टर. टाकी भरलेली असतानाही बुडबुडे दिसले तर फुग्याची झडप, टाकीखालचे जोड, क्लिपा. सकाळी स्टार्टर जास्त मारावा लागणं ही त्याची जोडीची खूण, कारण रात्रीत डिझेल मागे उतरतं. बुडबुडे नाहीत, व्हॅक्यूम नेहमीचा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि तरी प्रेशर कमी, तर मात्र आधी इंजेक्टरचा रिटर्न आणि सगळ्यात शेवटी पंप. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाड्यांत याच जागी व्हॅक्यूमऐवजी फीड प्रेशर मोजायचं.

राहिला प्रश्न पाण्याचा. पाणी पेट्रोल पंपावरून आलं असा मालकांचा ठाम समज होता. पण डिझेल भरायच्या तोंडाभोवती जी वाटी असते, तिच्या तळाच्या भोकात चिखल घट्ट बसलेला होता, आणि टाकीच्या झाकणाच्या रबराला बोटभर चीर होती. पाऊस पडला की वाटी भरायची आणि झाकण फिरवलं की थेंब थेंब आत. झाकण नवं घातलं, भोक सायकलच्या स्पोकने मोकळं केलं आणि वाटीत तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. ते चाकाच्या आतल्या बाजूने, जिथून यायला हवं होतं तिथूनच, खाली आलं. पुढच्या ऑगस्टअखेर फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काढलेल्या पहिल्या पेल्यात नुसतं डिझेल होतं.